शेजारच्यांचा पैलवान

मराठी माणसाला पैलवान फार आवडतो. फक्त तो शेजारच्यांच्या घरात जन्मावा, एवढीच अपेक्षा.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हे प्रेम ओसंडून वाहतं. शाहू महाराजांनी १९१२ साली उभं केलेलं हे मैदान इतकं बेतशीर खोलगट आहे, की पार शेवटच्या रांगेतल्यालाही लाल मातीतली पकड दिसते. दिसते म्हटल्यावर सल्ला आलाच. हलगी कडाडते, शड्डू घुमतो आणि उभ्या जन्मात एक जोर न मारलेले गृहस्थ शेंगा फोडत ओरडतात, "आरं, पट काढ की त्येचा!" पट निघाला तर सल्ला अचूक. पैलवान चितपट झाला तर, "पोरात दमच न्हाई."

हेच गृहस्थ भाचीसाठी स्थळ बघायला निघाले, की त्यांची नजर मुलाच्या कानावर खिळते. वर्षानुवर्षं मातीत घासून सुजलेला, घट्ट झालेला कान. तालमीत त्याला पदवीच्या प्रमाणपत्राचा मान, बैठकीत मात्र पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता प्रश्न येतो, "ते झालं हो, पण मुलगा करतो काय?" पहाटे उठून जोर-बैठका, मग हळद, तेल, ताक घालून मळलेल्या मातीत लढत, मग दूध-बदामाचा खुराक, दुपारी झोप आणि संध्याकाळी पुन्हा तेच. एवढं सगळं करणारा मुलगा 'काही करत नाही'! वर, पैलवानाची अक्कल गुडघ्यात असते हे ठरलेलंच. समोरच्यानं पट काढताच पापणी लवायच्या आत उलटा डाव सुचतो, तो बहुधा गुडघ्यालाच.

शहरात मातीऐवजी कराटेचा क्लास असतो. पांढऱ्या पट्ट्यातलं लेकरू फोटोत गोड दिसतं. पट्टा पिवळा होतो, नारिंगी होतो आणि काळा होण्याच्या बेताला दहावी येते. पुढची सगळी मारामारी टक्क्यांशी. अपवाद एकच: खेळाचे वाढीव गुण मिळतात असं कळलं, की घरातल्या कपाटामागचं धूळ खात पडलेलं प्रशस्तिपत्रक अचानक फाइलमध्ये जाऊन बसतं.

पैलवान खाशाबा जाधवांनी तर १९५२ साली हेलसिंकीहून थेट ऑलिम्पिकचं कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते; राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. परतल्यावर कराडहून त्यांच्या गोळेश्वर गावापर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, गुलाल उधळला गेला. मिरवणूक पांगली, कर्ज तेवढं राहिलं. ते फेडायला जगात तिसरा आलेला हा मल्ल कोल्हापुरात पुन्हा कुस्त्यांसाठी उतरला. १९५५ मध्ये पोलिसांत फौजदार झाला. अर्जुन पुरस्कारानं घाई केली नाही. १९८४ मध्ये खाशाबा अपघातात गेले, त्यानंतर दीड दशकानं तो आला.

महाराष्ट्राला ऑलिम्पिकचं दुसरं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून अशा तीन पद्धतींनी नेम धरायचा, ही माहिती टीव्हीवर दिवसभर सांगितली जात होती. पण घरोघरी कान टवकारले गेले ते मुलगा रेल्वेत टीसी आहे हे ऐकून. पाठोपाठ रेल्वेनं बढती देऊन त्याला थेट अधिकारी केलं, आणि कितीतरी काकूंचा जीव भांड्यात पडला: चला, आता स्थळं यायला हरकत नाही.