मागच्या काचेखालचे मानकरी

सेडान दारात आली की महिनाभरात मालकाला साक्षात्कार होतो, कंपनीचे स्पीकर फारच मिळमिळीत वाजतात. मग मागच्या काचेखालचा पार्सल ट्रे कापला जातो आणि तिथे 6 बाय 9 इंची लंबगोल जोडी विराजमान होते. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत 400 वॉट. हा आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा. सलग किती झेपतं तो आरएमएसचा आकडा तळाशी, मुंगीच्या अक्षरात. आणि डॅशबोर्डातला बिचारा स्टिरिओ दर चॅनेलला जेमतेम पंधरा-वीस वॉट देणार! हे विचारलंच, तर दुकानदार शांतपणे अ‍ॅम्प्लिफायरचं खोकं पुढे सरकवतो.

डिकीच्या पोकळीमुळे आवाज भरदार होतो, हे मान्य. पण तीच पोकळी ट्रेचा पुठ्ठा, नंबरप्लेट आणि जॅकचा दांडा यांनाही गायला बसवते. शिवाय हौस पुढे बसलेल्याची, दणका मागच्यांना. "जावईबापू, जरा बारीक करता का?" असं सासूबाईंनी तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत टोलनाका येतो.

पैसे खर्चायचेच असतील तर पुढच्या दारांतले स्पीकर बदला, दाराच्या पत्र्याला डॅम्पिंग शीट लावा. मागचे राहू द्या तसेच.