मुक्काम पोस्ट मुख्यालय

सरकारी दप्तरावर विश्वास ठेवावयाचा, तर धाराशिव हे रात्रीच्या वेळी मराठवाड्यातील अत्यंत गजबजलेले शहर असले पाहिजे. कारण जिल्हाधिकारी कचेरीपासून जिल्हा परिषदेपर्यंत जेवढे म्हणून नोकर पगारपत्रकावर आहेत, ते सर्व आपापल्या मुख्यालयी सहकुटुंब वास्तव्य करून असल्याची ग्वाही त्यांच्याच स्वाक्षऱ्यांनिशी तेथे नोंदलेली आहे. प्रत्यक्षात सायंकाळी सातच्या पुढे कचेरीच्या परिसरात पहारेकऱ्याखेरीज कोणी भेटलेच, तर तो आपले कागद कोणत्या टेबलावर अडकले आहेत हे विचारण्यास आलेला आणि परतीची गाडी चुकलेला एखादा खेडूत असतो. कागदावरचे हे रहिवासी त्या घटकेला दक्षिणेस सुमारे सत्तर किलोमीटरांवर, सोलापुरातील आपल्या घरी, शेंगाचटणीशी कडक भाकरी मोडीत बसलेले असतात. त्यांपैकी अस्सल नमुना म्हणून निवडावा असा जो एक अव्वल कारकून, तोच आमचा चरित्रनायक होय. लोक त्याला अपडाउनवाला म्हणतात. तो स्वतःला मुख्यालयवासी म्हणवतो.

मुख्यालयी न राहण्याची परंपरा त्याने निर्माण केली, असा आरोप मात्र कोणी करू नये. निजामी अमलात या जिल्ह्याचे मुख्यालय नळदुर्गास होते आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते स्वतःच आपला बाडबिस्तरा आवरून धाराशिवास आले. जेथे खुद्द मुख्यालयालाच मुख्यालयी राहवले नाही, तेथे घरी वृद्ध आईवडील, सोलापुरातील शाळेत दोन मुले आणि सोलापुरातच नोकरी करणारी पत्नी असलेल्या कारकुनाने ते व्रत पाळावे, ही अपेक्षा त्याला इतिहासाच्या विरुद्ध वाटते. इतिहास त्याला आणखी एका कारणाने प्रिय आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत सोलापूर आधी इंग्रजी मुलखात व मग स्वतंत्र भारतात, आणि धाराशिव मात्र निजामाच्या राज्यात असल्यामुळे एका गावाहून दुसऱ्या गावास मालासह जाणाऱ्याला करोडगिरीच्या नाक्यावर महसूल भरावा लागे, आणि अलीकडचा कलदार रुपया पलीकडे गेला की निजामाच्या हाली शिक्क्याशी त्याचा हिशेब मांडावा लागे. आज सरहद्द पुसली गेली, हाली शिक्का संग्रहाच्या पेटीत गेला, नाक्याच्या नावाने तामलवाडीचा टोल तेवढा उरला. परंतु पूर्वी लोक जसे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात, तसा आमचा नायक रोज सकाळी प्रत्यक्ष वास्तव्यातून कागदोपत्री वास्तव्यात प्रवेश करतो आणि सायंकाळी परत येतो.

त्याची सकाळ घड्याळाच्या धाकात उगवते. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला आणि त्याच्या मोबदल्यात कचेरीची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी लांबवली, तेव्हापासून जुन्या तुळजापूर नाक्यावर किंवा रूपाभवानीच्या देवळापाशी सातच्या ठोक्याला उभे राहणे त्याला प्राप्त झाले. देवीला तो रस्त्यावरूनच हात जोडतो. नमस्कार संपूर्ण होण्यापूर्वी गाडी आलीच तर उरलेला नमस्कार पायरीवर चढताना पुरा करतो. गाडीतील आसनव्यवस्था कोणत्याही दरबाराहून कमी काटेकोर नाही. चालकाच्या मागील बाक लेखाशाखेचा, त्यामागील गुरुजींचा, खिडकी ज्याची सेवा अधिक त्याची. आणि एखादा परगावचा भाविक अजाणतेपणी त्या खिडकीशी बसला, तर त्याला कोणी उठवीत नाही, परंतु सर्व जण त्याच्याकडे अशा काही दृष्टीने पाहतात की त्याने शासकीय जमिनीवर अतिक्रमण केले असावे. तामलवाडी येईपर्यंत महागाई भत्त्याची चर्चा होते, घाट लागेपर्यंत बदल्यांची, आणि घाट चढून तुळजापूर दिसू लागले की सर्व मंडळी एकाएकी निद्राधीन होतात, कारण तेथे चढणाऱ्या माणसास जागा देण्याचा प्रसंग जागृत मनुष्यावरच येतो.

एस.टी. महामंडळाचा मासिक पास हा त्याच्या अर्थशास्त्राचा मूलाधार आहे. वीस दिवसांचे भाडे भरावे आणि तीस दिवस प्रवास करावा, ही योजना केवळ दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी असे तेव्हा त्याला अधिक लाभ देत असे; सर्वच शनिवारी सुट्टी मिळाल्यापासून कामाचे दिवस बावीसच्या घरात आले आणि नफा दोन दिवसांवर उतरला, हे शल्य त्याला सुट्टीच्या आनंदाहून अधिक बोचते. त्यातच मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाल्यामुळे शेजारच्या टेबलावरील ताई कसलाही पास न काढता त्याच्याहून कमी खर्चात ये-जा करतात. परंतु त्या पासाची खरी गंमत निराळीच आहे. ‘मी मुख्यालयी राहतो’ अशा आशयाचे प्रमाणपत्र आणि ‘सोलापूर ते धाराशिव’ असा स्वच्छ छापलेला पास ही दोन्ही कागदपत्रे त्याच्या एकाच पाकिटात नांदत असतात. ती एकमेकांविरुद्ध साक्ष देणारी असल्याने त्याने त्यांना दोन स्वतंत्र कप्प्यांत ठेवले आहे.

कचेरीत पोहोचताच तो प्रथम यंत्रावर थंब मारतो. अंगठा उमटला की त्याच्या चर्येवर येणारे समाधान एरवी तीर्थस्नान करून आलेल्याच्या चर्येवर दिसते. मग खुर्चीच्या पाठीवर टॉवेल पसरून तो चहास जातो. तो टॉवेल त्याचा अधिकृत प्रतिनिधी होय. साहेब मीटिंगला गेले आहेत, हे तो टॉवेल अभ्यागतास मूकपणे सांगतो. अकरा ते एक आणि अडीच ते चार या अवधीत मात्र तो असा झपाट्याने काम करतो की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. मसुदे, टिपण्या, स्मरणपत्रे यांचा नुसता पाऊस पडतो. चार वाजले की त्याचा देह खुर्चीत आणि आत्मा बसस्थानकावर असतो. त्यानंतर कोणी गुंतागुंतीचे प्रकरण पुढे केले, तर तो ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी’ असा शेरा मारून ते पुढील टेबलाकडे ढकलतो. पुढील टेबलाचा मालकही सोलापूरचाच असल्यामुळे ते दुसऱ्या दिवशी परत येते.

अशा माणसाला गाठावयाचे कोठे, हा प्रश्न जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी फार चातुर्याने सोडविला आहे. कचेरीत तो भेटेलच असे नाही, घरी मुळीच भेटणार नाही. परंतु सकाळच्या गाडीत तामलवाडी आणि घाट यांच्या दरम्यान तो निश्चित असतो, आणि चालत्या गाडीतून त्याला मीटिंगला जाता येत नाही. म्हणून फेरफाराची नक्कल, अनुदानाची यादी किंवा वारसाचा अर्ज घेऊन माणसे तेथेच चढतात.

“भाऊसाहेब, तीन खेपा झाल्या. दर बारीला खुर्चीवर नुसता टावेल दिसतोय. आज गावलात बघा.”

“अहो, मुख्यालयी भेटा ना. मी तेथेच असतो.”

“व्हय की. म्हणून तर गाडीत बसलो.”

यावर भाऊसाहेब चष्मा लावतात, कागद मांडीवर घेतात, घाटातील वळणांमुळे अक्षर किंचित वाकडे होईल हे सांगून ठेवतात आणि तीन महिने न झालेले काम सव्वा किलोमीटरात उरकतात. १९३२ मध्ये निजाम सरकारच्या रेल्वेने सत्तावीस गाड्यांनिशी आपली मोटारसेवा सुरू केली, तेव्हा प्रजेच्या सोयीसाठी फिरती कचेरी काढण्याचा त्या सरकारचा इरादा नसावा. आमच्या नायकाने तो पदरखर्चाने पार पाडला आहे.

अधूनमधून वृत्तपत्रात ओरड होते आणि मुख्यालयी राहण्याची सक्ती नव्याने जारी होते. जिल्हा परिषदेच्या गावोगावच्या नोकरांवर तर २०१९ मध्ये अशी अट आली, की कर्मचारी गावात राहतो असा ग्रामसभेचा ठराव आणावा. त्यासाठी आमच्या नायकाचे गुरुजी मित्र सरपंचांच्या शोधात निघाले, तेव्हा सरपंच गावात भेटेनात. मुलांच्या शिक्षणासाठी ते तुळजापुरात राहत होते. या शोधातून आमच्या नायकाने जे तत्त्व हस्तगत केले, ते त्याच्या आयुष्याचे सार होय. वस्तीवरचा सरपंच तुळजापुरात राहतो, तुळजापूरचे गुरुजी धाराशिवात राहतात, धाराशिवचा कारकून सोलापुरात राहतो, आणि मुख्यालयी राहण्याचे परिपत्रक ज्या साहेबांच्या स्वाक्षरीने निघते त्यांचे कुटुंब पुण्यात असते. प्रत्येक जण आपल्या मुख्यालयाच्या एक पायरी वर राहतो आणि खालच्या पायरीवरील माणसास जागेवर राहण्याचा उपदेश करतो. ज्या धाराशिवकर मंडळींनी त्याच्याविरुद्ध निवेदने दिली, तीही छातीत कळ आली की सोलापूरचेच इस्पितळ गाठतात, आणि जाताना त्याच्याच शेजारच्या बाकावर बसतात. तेव्हा तो मोठ्या मनाने त्यांना खिडकी देतो.

तपासणीच्या भीतीने त्याने धाराशिवात एक खोली भाड्याने घेऊन ठेवली आहे. तीत एक खाट, एक दिनदर्शिका आणि एक माठ आहे. दिनदर्शिकेवर वर्ष कोणते आहे हे पाहण्याचा प्रसंग अद्याप कोणत्याही पथकावर आला नाही, कारण पथकालाही सायंकाळची गाडी गाठावयाची असते.

वर्षातून एकदा मात्र या रस्त्याची आणि त्याची खरी ओळख होते. कोजागरीला सोलापुराहून लाखो भाविक पायी तुळजापुरास जातात, वाहने दुसऱ्या मार्गाने वळविली जातात, आणि नायकही सौभाग्यवतींच्या आग्रहास्तव त्या जनसागरात सामील होतो. जो घाट तो रोज गाडीत बसून पार करतो, तो इतका उंच असल्याचे त्याला दरवर्षी नव्याने कळते. उळे आणि कासेगाव ही थांब्यांची नावे नसून तेथे माणसे राहतात, हेही कळते. दुसऱ्या दिवशी तो किरकोळ रजेचा अर्ज देतो. त्यात कारण म्हणून ‘प्रवासाचा शीण’ असे लिहिलेले असते, आणि कागदोपत्री मुख्यालयी राहणाऱ्यास प्रवास कसला, असे विचारण्याची कोणाची छाती होत नाही.

२०१९ च्या जानेवारीत हा महामार्ग चौपदरी होऊन लोकार्पित झाला, तेव्हा काही भोळ्या लोकांना वाटले की आता कर्मचारी वेळेवर येतील. वेळ वाचली हे खरे. परंतु नायकाने ती धाराशिवास न देता सोलापुरास दिली आणि नाक्याजवळचे घर विकून पार होटगी रस्त्याला बंगला बांधला. रस्ता जितका सुधारावा तितके त्याचे घर मुख्यालयापासून दूर जाते. त्यामुळे सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरांच्या नव्या लोहमार्गाचे काम सुरू झाल्यापासून त्याच्या घरी खलबते चालू आहेत. आजवर रेल्वेने जावयाचे म्हटले तर आधी कुर्डुवाडीस जाऊन तेथून उलटे वळावे लागे, म्हणून त्याने तिकडे लक्ष दिले नव्हते. थेट गाडी होणार म्हटल्यावर सौभाग्यवतींनीच विचारले, की मग सोलापुरात तरी कशासाठी राहावयाचे? मुले पुण्यात शिकतील, हडपसरला सदनिका पाहावी, आणि वंदे भारतने सोलापुरास येऊन पुढे जावे. योजनेत एकच न्यून आहे. वंदे भारत सकाळी सोलापुराहून मुंबईकडे जाते आणि रात्री परत येते; नायकाला ती नेमकी उलट हवी आहे. या अन्यायाविरुद्ध रेल्वे प्रशासनास धाडावयाच्या निवेदनाचा मसुदा त्याने तयार केला असून, त्याखाली पत्ता मात्र धाराशिवचा घातला आहे. मुख्यालयवासी जनतेची गैरसोय होत आहे, असे त्याचे पहिलेच वाक्य आहे.