डॅशबोर्डमधील पोटभाडेकरूंस जाहीर नोटीस

प्रति,
श्री. खडखड व सौ. कुरकुर,
मु. पो. डॅशबोर्ड, डावीकडील एसीच्या जाळीमागे.

विषय : जागा तात्काळ खाली करणेबाबत.

सा. न. वि. वि.

गाडीचे हप्ते आम्ही भरतो, विमाही आम्हीच भरतो. राहता मात्र आपण, तेही फुकट! पेव्हर ब्लॉकचा रस्ता लागला की आपली मैफल सुरू, आणि सर्व्हिस सेंटरच्या गुळगुळीत फरशीवर मौनव्रत. तिथल्या साहेबांनी जॉबकार्डवर ‘आवाज आढळला नाही’ असे लिहिले आणि वर सुचवले, ‘अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागेल.’ जो आवाज आढळलाच नाही, त्याच्यासाठी!

सौ. कुरकुर, आपली कुळकथा आम्ही काढली आहे. प्लॅस्टिकचे दोन भाग घासताना क्षणभर चिकटतात, सटकतात, पुन्हा चिकटतात; तो आपला आवाज. उन्हात उभ्या गाडीत तर विचारूच नका. प्लॅस्टिक तापून पोलादाच्या कितीतरी पट पसरते आणि त्याला आवळलेले असते आतल्या पोलादी चौकटीला. श्री. खडखड, तुमचे मूळ साधे : ढिली क्लिप, नाहीतर वायरिंगचा मोकळा लोंबणारा सॉकेट. (इलेक्ट्रिक गाडीत बिऱ्हाड हलवायचा विचार असेल तर जपून. तिथे लपायला इंजिनाचा आवाज नाही.)

कारवाई रविवारी. आधी ग्लोव्हबॉक्समधली चिल्लर आणि चष्म्याचे घर बाहेर निघेल, मागच्या सीटबेल्टचे बक्कल बांधले जाईल. पुष्कळदा गुन्हेगार तिथेच सापडतो. मग चिरंजीव गाडी चालवतील आणि आम्ही शेजारी बसून एकेक पॅनल तळहाताने दाबू. जिथे हात ठेवताच आपण गप्प व्हाल, तो आपला पक्का पत्ता. तिथली कड प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटू (स्क्रूड्रायव्हरने ओरखडे उठतात), सांध्यात फेल्टची चिकटपट्टी लावू, तुटकी क्लिप बदलू. दाराच्या रबराला सिलिकॉन ग्रीस.

काचेलगतच्या खांबांना मात्र हात लावणार नाही. तिथल्या अस्तरामागे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असू शकते. फोम ठासला तर ऐनवेळी ती अडायची. तिथे दडला असाल तर पुन्हा सर्व्हिस सेंटरची पायरी चढू.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
गाडीमालक (कागदोपत्री)

प्रत माहितीसाठी : गाडी बनवणारी कंपनी. सव्वादहा इंची स्क्रीन छान आहे. पुढच्या मॉडेलात ती आणखी मोठी करण्याऐवजी तिच्यामागे दोन क्लिपा जास्त द्याव्यात, ही विनंती.