आमच्या शांततेचा दर

श्री. प्लॉटवाले साहेब यांस,

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून निवृत्त प्राथमिक शिक्षकाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या फाट्यावर तुम्ही लावलेला फलक मी चष्मा पुसून तीनदा वाचला. समुद्र आहे, माड आहे, झोपाळ्यावर पुस्तक वाचणारी एक बाई आहे. खाली लिहिले आहे, 'गर्दी नाही, गोंगाट नाही. फक्त शांतता.' आणि त्याखाली गुंठ्याचा दर.

दराबद्दल माझे काही म्हणणे नाही. जमीन तुम्ही रीतसर खरेदी केलीत, समुद्र कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही. पण दरात शांततेचे पैसे धरले आहेत, आणि तो माल आमचा आहे. घरोघरी, पिढ्यान् पिढ्या खपून आम्ही तो तयार केला. त्याचा एक पैसा आजवर आम्हाला मिळालेला नाही.

माल तयार कसा होतो, ते तुमच्या गिऱ्हाइकांना माहीत असलेले बरे. घरातला मुलगा मिसरूड फुटले की मुंबईला पाठवायचा. आजोबांच्या वेळी तो गिरणीत जाई आणि गावाच्या मंडळाच्या खोलीत वळकटी टाके. एकाची पाळी सुटली की त्याच्याच जागेवर दुसरा झोपे. मनीऑर्डर इकडे येई, आवाज तिकडे राही. १९८२च्या गिरणी संपानंतर मात्र उत्पादनात खंड पडला. माणसे परत आली, वाडीत पुन्हा भांडणे, भजने, क्रिकेटचे सामने सुरू झाले. सुदैवाने ते फार टिकले नाही. कोणी सोसायटीच्या गेटवर उभे राहिले, कोणी कुरिअरच्या पिशव्या उचलल्या, आणि वाडी पुन्हा गप्प झाली.

पुढे कामेच गावाकडे येतील, असेही सांगितले गेले. आमच्याच तालुक्यात अंजनवेलला एन्रॉनचा वीजप्रकल्प उभा राहिला आणि २००१ साली बंदही पडला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा आम्ही हार घेऊन उभे होतो. आता पोरे रात्रीत गावी येतील, असे वाटले होते. रेल्वे दोन्हीकडे धावते, हे आमच्या लक्षात उशिरा आले. गणपतीत तिची तिकिटे मिनिटांत संपतात, ती येण्याची. जाण्याचे तिकीट बाकी वर्षभर मिळते.

कच्च्या मालाचा हिशेबही सरकारदरबारी आहे. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती, २०११ साली १६,१५,०६९. त्याच दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली. गावे ओस पाडणारी साथ आली नव्हती, लढाई झाली नव्हती. हे सगळे ८१,७०८ माणसांचे मौन आम्ही हाताने तयार केले. दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी आमचे कौतुक केले, कोकणी माणूस मुलीला ओझे मानत नाही म्हणून. मानत नाही, हे खरेच आहे. पण पुरुष तेव्हा मुंबईच्या यादीत मोजले जात होते, जिथे शहर जिल्ह्यात हाच आकडा ८३२ होता. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे कागदावर आम्ही अजून सोळा लाखच आहोत.

आता घराचे. माझे घर जांभ्या चिऱ्याचे, नऊ खणांचे, मंगलोरी कौलांचे, पडवीत वीस माणसे जेवायला बसतील असे. त्याच्या सातबाऱ्यावर एकतीस नावे आहेत. त्यांतली काही वारली, काहींचा पत्ता लागत नाही आणि एक चुलतभाऊ हक्कसोडपत्राचे नाव काढले की फोन ठेवतो. दुरुस्तीला बँक कर्ज देत नाही, कारण मालक कोण हे तिला कळत नाही. मलाही कळत नाही. मुलाच्या लग्नाचे बघायला गेलो तेव्हा मुलीच्या बापाने विचारले, "मुंबईत स्वतःची खोली आहे का?" नऊ खण सांगितले, तर तो हसला. मग मुलाने नालासोपाऱ्याला वन रूम किचन घेतले. वीस वर्षांचा हप्ता आहे. त्या खोलीत आमच्या पडवीतला झोपाळा मावत नाही, मी मोजून पाहिला.

आणि गंमत बघा. इथे नऊ खण रिकामे असूनही जिल्ह्याच्या गावी नोकरी लागलेल्या पोराला भाड्याची खोली परवडत नाही, कारण तुमच्या दरांनी सगळ्यांचेच डोळे वर गेले आहेत. पडीक कातळाचा सडासुद्धा आता 'सी व्ह्यू' झाला. सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कोणी तरी हत्ती, मासे, माणसे कोरून ठेवली, त्या कातळशिल्पांचे नाव २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत लागले. ती कोरणारेही कुठे गेले, कोणाला ठाऊक नाही. मला वाटते, त्यांच्या पोरांनाही नोकरी लागली असावी.

तुमच्या फलकावर पोहण्याचा तलाव आहे. उत्तम. इथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर येतो. पोहण्याआधी गिऱ्हाइकांना एवढे सांगा.

तर माझी मागणी अशी. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तसे आमच्या शांततेलाही मिळावे. प्रत्येक गुंठ्यामागे थोडा हिस्सा त्या घरांना जावा, ज्यांनी आपले पोर देऊन ती पिकवली. माझ्या शाळेची घंटाही हिशेबात धरावी. पट घसरत सहावर आला आणि शाळेला कुलूप लागले. तेव्हापासून सकाळी अकरा वाजता इथे जी शांतता असते, ती अगदी वरच्या प्रतीची आहे. आणखी एक कलम करारात घाला. चुकून एखादे पोर परत आले, त्याने गॅरेज टाकले, कोंबड्या पाळल्या किंवा शनिवारी भजनाला पखवाज काढला, तर बंगलेवाल्यांनी तक्रार करू नये. मागच्या वर्षी कोंबड्यावरून झाली. शेजारच्या काकी म्हणाल्या, "कोंबडा काय घड्याळ बघून आरवतो?"

तसे तुमचे बंगले आवाज करत नाहीत, हे कबूल केले पाहिजे. वर्षातले आठ-दहा दिवस सोडले तर त्यांनाही कुलूपच असते. आधी वाडीत गंजलेली कुलपे होती, आता चकचकीतही आली. राखण करायला नेपाळचा एक पोऱ्या आहे, आंब्याच्या हंगामात बागेत असतो, मग तुमच्या गेटवर. घरी बायको आणि दोन मुले आहेत म्हणतो. त्याच्या डोंगरातही आता असाच माल तयार होत असणार. तिथे कोणी फलक लावला आहे का, विचारून कळवतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एकतीस नावांपैकी एक

ता. क. पत्र पाकिटात घालताना मुलाचा फोन आला. विरार लोकलमध्ये तुमची जाहिरात पाहिली म्हणाला. त्यातला वाकडा माड ओळखीचा वाटतो, आपल्या आगरातला तर नव्हे? मी म्हटले, बघून सांगतो. तुमचा माणूस फोटो काढायला आला होता, तेव्हा मीच त्याला चहा दिला होता.