देवळालीचा ताप

आपल्या गावाचं नाव इंग्रजी शब्दकोशात आहे हे कळलं की कोणाचीही छाती फुगते. मग माणूस पुढचा अर्थ वाचतो. 'डूलॅली' म्हणजे डोकं फिरलेला, भ्रमिष्ट. त्याखाली बारीक अक्षरांत व्युत्पत्ती : देवळाली, मुंबईजवळचं लष्करी ठाणं. यातलं 'भ्रमिष्ट' आम्ही सोसू. 'मुंबईजवळचं' किती झोंबतं ते नाशिककरालाच विचारा.

माझं आजोळ देवळाली कॅम्पातलं. तिथली हवा अशी की मुंबईचे पारशी आणि गुजराती सॅनेटोरियमात महिना-महिना मुक्काम ठोकून छातीचे विकार बरे करत. अशा गावात गोऱ्या सोजिरालाच वेड का लागावं? त्याला कारणीभूत झालं बोटींचं वेळापत्रक. नोकरीची मुदत संपली की ठिकठिकाणचे सोजीर देवळालीच्या छावणीत जमा होत. इथून आगगाडीने मुंबई, मुंबईहून बोटीने घर. पण फौजेच्या बोटी बारमाही सुटत नसत, त्यांचा हंगाम थंडीच्या दिवसांचा. हंगामातली शेवटची बोट गेली की पुढचा हंगाम उगवेपर्यंत बसा देवळालीत. कवायत नाही, काम नाही, खिशात थोडे पैसे आणि घशाला कायमची कोरड. वेल्समधल्या कोळसा खाणीतून पलटणीत आलेल्या फ्रँक रिचर्ड्सने १९३६ सालच्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात या रिकामपणाची हकिगत सांगितली आहे. पलटणीत वर्षानुवर्षं सरळ वागलेली माणसं इथे येऊन बिघडत. त्यातून कोणी विचित्र वागू लागला की बाकीचे म्हणत, याला 'डूलॅली टॅप' झालाय.

टॅप म्हणजे आपला ताप. इंग्रजांनी पुढे तो गाळला आणि नुसतं गावाचं नाव ठेवलं. म्हणजे आजार बरा झाला, बदनामी राहिली. कोशकार हा 'टॅप' उर्दू-फारसीतून आला असं लिहितात. तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेल्या माझ्या मामांना हे साफ नामंजूर आहे. "अरे, छावणीतला धोबी कुठला, भगूरचा की इराणचा?" असं ते विचारतात. त्यांच्या मते कोणीतरी धोबी "डोक्याला ताप आहे हा" असं सोजिराच्या तोंडावर म्हणाला, आणि सोजिराने ते वैद्यकीय निदान समजून लिहून घेतलं. पुरावा शून्य. पण मामांसमोर मी फारसीची बाजू घेत नाही.

तसं पाहिलं तर या सोजिरांनी शब्द गोळा केले ते कानाने, आणि कान बहुधा उन्हात भाजलेले. 'बाप रे' ऐकलं आणि त्याचं 'बॉबरी' केलं. अर्थ गोंगाट, आरडाओरडा. आपण हबकून बापाला हाक मारतो, त्यांना त्यात नुसता कलकलाट ऐकू आला. मोहरमच्या मिरवणुकीतल्या 'या हसन, या हुसेन'चं त्यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' करून टाकलं. इंग्लंडात असल्या नावाची वकिलांची पेढी सहज खपून जाईल. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये हिंदुस्थानी इंग्रजीचा जाडजूड कोश काढला, तेव्हा त्याला हेच नाव दिलं. आपल्या दुकानावर आपल्याच बहिरेपणाची पाटी लावणारे विद्वान मला फार आवडतात.

मात्र 'ब्लायटी'ला तोड नाही. हे आपलं 'विलायती'. सोजिराने ते उचललं आणि स्वतःच्या मायभूमीलाच त्या नावाने हाक मारू लागला. पहिल्या महायुद्धात, फ्रान्सच्या खंदकांत तर 'ब्लायटी' जखमेचं नाव झालं. जीव जाणार नाही पण घरी पाठवतील, अशा बेताची गोळी. ती लागलेल्याचा इतरांना हेवा वाटे. दीर्घ सेवेबद्दल मिळणाऱ्या पदकाला ते 'रूटी गाँग' म्हणत, म्हणजे इतकी वर्षं सरकारी रोटी खाल्ल्याबद्दलचं बिरूद. मामांकडेही वीस वर्षांच्या सेवेचं पदक आहे. हे नाव सांगितल्यावर ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी रोट्यांचा हिशेब मांडायला घेतला, आणि त्यात कच्च्या किती ते वेगळं धरलं.

आपल्या शिपायांनी उसनं ठेवलं नाही. रिक्रूटचा रंगरूट केला, लेफ्टनंटचा लपटन आणि सोल्जरचा सोजीर. रात्री पहाऱ्यावरच्या शिपायाने चाहूल लागताच इंग्रजीत 'हू कम्स देअर' असं दरडावायचं असे. त्याने दरडावलं 'हुकुमदर!' मला विचाराल तर हा मूळ वाक्यापेक्षा जबर आहे. 'कोण येतंय तिकडे' या प्रश्नाला उत्तर देता येतं. अंधारातून बंदुकीसकट 'हुकुमदर' आलं तर माणूस मुकाट हात वर करतो.

फौजेतल्या शब्दांपैकी आमच्या घरात खरा मुरला तो 'लंगर गप'. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. तिथे रस्सा ढवळता ढवळता पलटणीची पुढची बदली, रजेवरची बंदी आणि साहेबांचं प्रमोशन ठरतं, ते वरच्या कचेरीला कळायच्या आधी. हा रोग जगभरचा आहे. ऑस्ट्रेलियन सैनिक अफवेला 'फर्फी' म्हणतात, कारण पहिल्या महायुद्धात छावणीत पाणी आणणाऱ्या गाड्यांवर फर्फी या कारखानदाराचं नाव ठळक रंगवलेलं असे. अमेरिकन आरमारात अफवेचं नाव 'स्कटलबट', म्हणजे जहाजावरचं पिण्याच्या पाण्याचं पिंप. बिचाऱ्यांची बातमी पाण्यावर भागते. आपल्याकडे निदान फोडणी असते.

मागच्या रविवारी मी तिकडे गेलो होतो तेव्हा मामा चहा पिता पिता म्हणाले, की कँटीनमध्ये या आठवड्यात मिक्सर येतायत, मोजकेच.

"कोणी सांगितलं?" मामींनी ओट्यापाशी पाठमोरं उभं राहूनच विचारलं.

"पक्की खबर आहे."

"लंगर गप," मामी म्हणाल्या. मग गॅस बारीक केला, हात पुसले आणि मला म्हणाल्या, "त्या फडताळात कँटीनचं कार्ड आहे बघ जरा."