पास करायचं सोपं गणित

येडशीच्या रामलिंगाच्या देवळाला केळी घेऊन निघालेलं पोर वाटेतली माकडं मोजून पिशवीतल्या केळ्यांचा हिशेब चालता चालता करतं. तेच पोर दहावीच्या गणितात गारद होतं. मग अख्खं राज्य कंबर कसतं. २०१५ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, पुढे ‘निपुण’ अभियान आलं. आमचा धाराशिव तर २०१८पासून नीती आयोगाच्या दप्तरी ‘आकांक्षित’, म्हणजे मागासलेला जिल्हा. आकांक्षा धरायला पैसे पडत नाहीत म्हणा!

रामबाण उपाय मात्र २०२४च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याने सुचवला. गणित-विज्ञानात ३५ कशाला, २० पडले तरी अकरावीला जा. फक्त पुढे हे विषय घेता येणार नाहीत, असा शेरा गुणपत्रिकेवर मिरवायचा. पोरं बुडतात म्हणून विहीरच उपसली. आता कुणी बुडणार नाही आणि पोहायलाही शिकणार नाही. निकाल मात्र झकास!

इकडे वर्गात त्रैराशिक फळ्यावर अर्धं सुटून पडलंय. गुरुजी मोबाइलला रेंज शोधत व्हरांड्यात उभे. ‘माहिती आजच भरा’ असा वरून निरोप आहे. साहेब, पुढचा आराखडा काढण्याआधी तेवढं गुरुजींना वर्गात जाऊ द्या.