आबा, ती बाई नव्हती, मशीन होती

श्टुटगार्ट, ऑगस्टचा दुसरा आठवडा

तीर्थरूप आबा आणि माय,

पत्र पाहून दचकू नका, सगळे धडधाकट आहोत. फोनवर सांगायला घेतलं की आबा मक्याचा भाव काढतात आणि माय फोन हिसकावून ‘जेवला काय?’ विचारते, मूळ गोष्ट राहूनच जाते. म्हणून लिहून पाठवतोय. दादानं मोठ्यानं वाचून दाखवावं.

आधी त्या बाईचं सांगतो. आबांनी आयएसडी लावला तेव्हा जी जर्मनमध्ये बोलली ती बाई नव्हे, मशीन. फोन कुणी उचलला नाही की ती निरोप मागते. आबांनी तो दिलाही : ‘बाई, आमच्या पोराले फोन दे. तू कोन व्हय? याची बायको कुठी गेली?’ हे सगळं रेकॉर्ड झालंय. तुमची सून रोज एकदा लावून ऐकते, आल्यागेल्यालाही ऐकवते.

आता फोन का उचलला नाही ते. नातवाच्या शाळेला सुटी लागली म्हणून गाडी काढून बोडनसेला गेलो होतो. हे भलंमोठं तळं आहे, काठावर तीन देश : जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड. इकडे देश बदलला हे बहुतेक वेळा नाक्यावरच्या शिपायाकडून कळत नाही, खिशातल्या फोनकडून कळतं. तो वाजतो आणि ‘ऑस्ट्रियात आपलं स्वागत आहे’ म्हणतो. परक्या मुलखात फोन चालू झाला की तिथलं नेटवर्क आधी आपल्या कंपनीकडे चौकशी करतं : हा तुमचाच का, पैसे कोण भरणार? सोयरिकीआधी मोताळ्याला माणूस पाठवून घराण्याची माहिती काढतात ना, तसंच. फक्त ही चौकशी काही सेकंदांत उरकते, आणि मानपानाचा आकडा महिनाअखेरी बिलात कळतो.

युरोपीय संघानं हा मानपान १५ जून २०१७ पासून बंद केला. जर्मनीचं सिम आता ऑस्ट्रियात, इटलीत, पार ग्रीसमध्येसुद्धा घरच्याच दरानं चालतं, आणि हा कायदा २०३२ पर्यंत वाढवलाय. पण स्वित्झर्लंड या संघात नाही. नकाशात चहूबाजूंनी वेढलेला, आणि रोमिंगच्या बाबतीत मात्र सवतासुभा!

कॉन्स्टान्झ गाव जर्मनीचं, पण त्याला खेटूनच स्विस गाव आहे. आम्ही जर्मनीच्याच बाकावर बसून थालीपीठ खात होतो, तेवढ्यात फोननं पलीकडचा टॉवर धरला. टॉवरच्या लहरींना कुठे हद्द कळते! आणि नेमका त्याच वेळी आबांचा व्हिडिओ कॉल आला. कपाशीला पात्या किती लागल्या ते आबा एकेक झाड दाखवू लागले. फिरतीवर नेटचं बिल ५० युरोला पोचलं, म्हणजे आपले पाच हजारांच्या घरात, की नेट आपोआप थांबवायचं, असा नियम आहे. ८० टक्क्यांना इशाराही येतो. तो आला तेव्हा आबा अजून कपाशीतच होते. ‘आबा, पुरे’ म्हणेपर्यंत विहिरीवर पोचले, आणि मोटार चालू करून दाखवायच्या आत कॉल तुटला. मग मी सगळे फोन विमानाच्या मोडवर टाकले. त्यानंतर तुम्हाला ती बाई भेटली.

मग ब्रेगेंझमार्गे लिश्टेनश्टाइनला गेलो. हा अख्खा देश १६० चौरस किलोमीटर, आपल्या तालुक्याहूनही लहान. तोही संघात नाही, पण संघाशी जोडलेल्या आर्थिक करारात आहे, त्यामुळे तिथे फोन घरच्या दरात. चलन मात्र स्विस फ्रँक! ऱ्हाईन नदीच्या अलीकडे हा देश, पलीकडे स्वित्झर्लंड. म्हणून सून गाडीत फोनवर नजर ठेवून बसली होती : ‘बदललं हो, बंद करा.’

सगळ्यात वरताण गाव ब्युसिंगेन. जर्मनीचं, पण चहूबाजूंनी स्वित्झर्लंडनं घेरलेलं. तिथल्या घरचा फोन नंबर ४९वाला, जर्मनीचा असू शकतो आणि ४१वाला, स्वित्झर्लंडचाही असू शकतो. पिनकोडही दोन. तिथल्या सासूला सुनेच्या माहेरचा फोन कोणत्या देशातून आला म्हणायचं, हे तिचं तीच जाणे.

आबा, हसू नका. आपल्याकडे काय वेगळं होतं? मुंबईचं मोबाइल सर्कल वेगळं, उरलेल्या महाराष्ट्राचं वेगळं, आणि गोवा मात्र महाराष्ट्रात! आपल्या सिमवाल्याला आपल्याच राजधानीत रोमिंग लागायचं. मामा मलकापूरला गाडीत बसले की बऱ्हाणपूर यायच्या आधीच फोन बंद करून पिशवीत तांदळाच्या पुडीखाली ठेवायचे, मध्य प्रदेशच्या टॉवरला दिसू नये म्हणून. शिवाय आपलं रोहिणखेड तर मुळातच खानदेशातून वऱ्हाडात यायच्या वाटेवरचं गाव. १४३७ साली बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जारनं खानदेशच्या नासिरखान फारुकीला आपल्याच शिवारात हरवलं. ‘वऱ्हाडात आपलं स्वागत आहे’ असा मेसेज नासिरखानालाही यायला हवा होता, दर बघून तो परतला असता.

यापुढे असं करू. आम्ही स्वित्झर्लंडच्या आसपास असलो की मी ग्रुपवर नुसतं ‘स्विस’ असं लिहीन. ते दिसलं की कुणी फोन करायचा नाही, अगदी गाय व्यायली तरी. आणि माय, सकाळची सुप्रभातवाली फुलं तेवढे दिवस तुळशीलाच वाहा. ती इथे उतरतात तीही माझ्या पैशानं.

पोळ्याला मात्र आम्ही घरीच आहोत, घरचं वायफाय आहे. हवा तेवढा वेळ व्हिडिओ लावा. झूल, बाशिंगं, तोरण, सगळं दाखवा. फक्त फोन दादाच्या हातात द्या. मागच्या वेळी नातवानं अर्धा पोळा आबांचा अंगठाच पाहिला.

तुमचा,
धाकटा

ता. क. दादा, माझ्या भारतातल्या सिमचा रिचार्ज मारून टाक. ते बंद पडलं तर बँकेचा ओटीपी येणार नाही, आणि ओटीपी आला नाही तर तू फवारणीसाठी मागितलेले पैसेही पोचणार नाहीत.